दोनशे तासांचा परवाना, दहा वर्षांचं कर्ज

बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांत वैमानिक प्रशिक्षणाच्या जाहिराती झळकू लागतात. निळं आकाश, खांद्यावर पट्ट्यांचा पांढरा गणवेश आणि 'अठरा महिन्यांत पायलट' अशी मोठी अक्षरं. एके काळी हे स्वप्न मुंबई-पुण्याच्या ठरावीक घरांपुरतं होतं. आता लातूर, जळगाव, सांगलीकडची मुलंमुली चौकशीला जातात, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्या आईवडिलांशी बोलताना एक उणीव वारंवार जाणवते. फी किती, हे त्यांना ठाऊक असतं. कॅप्टनला पगार किती, हेही त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. या दोन आकड्यांच्या मधे किती महिने जातात आणि त्या महिन्यांचा खर्च कोण उचलतं, हे मात्र त्यांना कोणी मांडून दाखवलेलं नसतं. या वाटेवर घरं अडचणीत येतात ती बहुतेक वेळा त्या मधल्या काळात.

आधी परवाना म्हणजे काय ते पाहू. विमान चालवून पैसे मिळवायचे तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, व्यावसायिक वैमानिक परवाना लागतो. सगळे त्याला सीपीएल म्हणतात. वय किमान १८, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. वाणिज्य शाखेतून आलेली बरीच मुलं हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देतात. मग नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती यांचे पेपर. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. आणि या सगळ्यांत महाग अट म्हणजे २०० तासांचं उड्डाण. त्यातले १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख असायला हवेत, शिवाय ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या वरची, एक लांब फेरी वाटेत दुसऱ्या विमानतळांवर उतरून पूर्ण करायची. थोडं उड्डाण रात्रीचं, थोडं फक्त उपकरणांकडे पाहून, आणि शेवटचे काही तास दोन इंजिनांच्या विमानावर.

एका इंजिनाच्या विमानाच्या तासाला भारतात ढोबळमानाने पंधरा ते वीस हजार रुपये पडतात, दोन इंजिनांच्या विमानाला त्याच्या दुप्पट किंवा जास्त. राहणं, जेवण, ग्राउंड क्लास, परीक्षांची शुल्कं धरली की साधारण ४५ ते ६० लाखांचा आकडा उभा राहतो. सरकारी संस्थेत स्वस्तात होईल अशी आशा अनेकांना असते. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही देशातली नावाजलेली सरकारी संस्था. तिथे प्रवेश परीक्षेतून निवड होते, पण फी तिथेही ४५ लाखांच्या घरात आहे.

एका तासाला एवढे पैसे का, हे समजून घेतलं तर पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. सेस्ना १५२ किंवा १७२ ही शिकाऊ विमानं एव्हगॅस नावाच्या शिसंमिश्रित पेट्रोलवर चालतात. हे इंधन आपण वर्षानुवर्षं आयात करत होतो. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये ते देशात तयार करून बाजारात आणलं. डायमंडसारखी काही नवी विमानं जेट इंधनावर चालतात, त्यांचा इंधनखर्च कमी पडतो. पण इंधन हा खर्चाचा एक तुकडा झाला. शिकाऊ विमानाचं इंजिन साधारण दोन हजार तासांनी पूर्ण खोलून नव्यासारखं करावं लागतं. दर शंभर तासांनी मोठी तपासणी असते. सुटे भाग परदेशातून डॉलरमध्ये येतात. त्यावर विमा, प्रशिक्षकाचं मानधन, धावपट्टी वापरायचं शुल्क. म्हणून अर्ध्या किमतीत २०० तास देऊ करणारी संस्था दिसली, तर ती कशावर पैसे वाचवते आहे हे विचारायलाच हवं.

आणखी एक बारकावा आहे. लॉगबुकमध्ये उड्डाणाचा वेळ चाकं जमीन सोडतात तेव्हापासून धरत नाहीत. विमान उड्डाणासाठी जागेवरून हललं तिथपासून ते परत येऊन थांबेपर्यंतचा सगळा काळ त्यात येतो. 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होणारा विमानाचा नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, किती वाजता निघालं, किती वाजता थांबलं, बाजूला प्रशिक्षक होता की विद्यार्थी एकटा, अशी एकेक ओळ भरत जाते. धावपट्टीच्या तोंडाशी तुमच्या पुढे दोन विमानं उभी असतील, तर वाट पाहण्याची ती दहा मिनिटंही तासातच मोजली जातात आणि त्यांचेही पैसे लागतात. तास भरले, पण सराव तेवढा झाला नाही, अशी तक्रार गर्दीच्या संस्थांमधून येते ती यामुळे.

आता त्या अठरा महिन्यांकडे येऊ. कागदावर हिशेब सोपा आहे. रोज एक तास उड्डाण झालं तर २०० तास सात महिन्यांत संपायला हवेत. प्रत्यक्षात शिकाऊ विद्यार्थी नजरेच्या भरवशावर उडतो. दृश्यमानता पाच किलोमीटर नसेल, ढग खाली आले असतील किंवा वारा आडवा असेल तर विमान निघत नाही. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हे असंच चालतं. सकाळी साडेसहाला पांढरा शर्ट घालून मुलं फ्लाइट ऑफिसात येतात, फळ्यावर आपल्या नावापुढे कुठलं विमान आहे ते पाहतात, हवामानाचा अहवाल वाचतात आणि नकाशे उघडून बसतात. नऊला कळतं की ढग उठलेले नाहीत. अकराला कळतं की ज्या विमानावर आपली सॉर्टी होती ते तपासणीला गेलं. दोनला पाऊस सुरू होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उत्तर भारतात हीच गत डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात होते. या दिवसांची फी लागत नाही हे खरं, पण वसतिगृहाचं भाडं, मेसचे पैसे आणि कर्जाचं व्याज थांबत नाही. शिवाय पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला की हात विसरतो, आणि प्रशिक्षकाबरोबर काही तास पुन्हा उडावं लागतं. ते तास बहुधा पॅकेजच्या बाहेरचे असतात.

यात संस्थेची क्षमता फार महत्त्वाची. विद्यार्थी भरमसाट, उडण्याच्या स्थितीतली विमानं मोजकी आणि प्रशिक्षक त्याहून मोजके, अशी अवस्था असेल तर निरभ्र हवेतही पाळी येत नाही. डीजीसीएने २०२५ मध्ये देशातल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिल्यांदा श्रेणीवार क्रमवारी जाहीर केली, तेव्हा सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लागोपाठच्या अपघातांनंतर एका मोठ्या संस्थेची उड्डाणंच डीजीसीएने थांबवली होती. सुरक्षिततेसाठी ते योग्यच होतं. पण तिथे फी भरून बसलेल्या मुलांचं वेळापत्रक त्या दिवशी कोलमडलं, आणि त्यांच्या बँकांनी काही व्याज थांबवलं नव्हतं.

आपल्या राज्यात उड्डाण प्रशिक्षणाची सोय जुनी आहे, हे अभिमानाने सांगायला हवं. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो मुंबईत बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून. जुहूभोवती शहर दाटलं तसं त्या क्लबचं उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला गेलं. गोंदियाजवळ बिरसी विमानतळावर भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई ही कंपनी यांच्या भागीदारीतली संस्था आहे, आणि बारामतीच्या धावपट्टीवर तर दिवसभर शिकाऊ विमानांची ये-जा चालते. घराजवळ शिकण्याने थोडी बचत होते, पण तेवढ्यावर संस्था निवडू नये.

परदेशाचा पर्याय अनेकांना वेगामुळे खुणावतो. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इथे हवामान आणि विमानांची संख्या दोन्ही अनुकूल असल्यामुळे काही मुलं वर्षाच्या आत तास पूर्ण करून येतात. मात्र तिथला परवाना इथे जसाच्या तसा चालत नाही. डीजीसीएचे पेपर द्यावेच लागतात, इथल्या विमानावर चाचणी द्यावी लागते, कागदपत्रांची पडताळणी होते, आणि या रूपांतरात काही महिने व काही लाख जातात. शिवाय रुपयाची घसरण. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७४ रुपयांच्या आसपास होता. २०२३ च्या अखेरीस ८३ झाला. ५०,००० डॉलरच्या फीचे ३७ लाख बघता बघता साडेएकेचाळीस लाख झाले. ज्यांनी कर्ज ३७ लाखांचं मंजूर करून घेतलं होतं, त्यांना वरचे पैसे हातउसने घ्यावे लागले.

समजा, परवाना हातात आला. इथेच सर्वांत मोठा गैरसमज उघडा पडतो. सीपीएलवर तुम्ही एअरबस किंवा बोइंग चालवू शकत नाही. त्या प्रकारच्या विमानाचं स्वतंत्र प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, लागतं. ते बहुतांशी सिम्युलेटरवर होतं आणि त्याला साधारण १५ ते २५ लाख पडतात. बऱ्याच भरतींमध्ये हा खर्च उमेदवाराच्याच माथी येतो. म्हणजे ५० लाखांचा प्रवास ७० लाखांवर जातो. विमान कंपन्यांचे कॅडेट कार्यक्रम सुरुवातीपासून टाइप रेटिंगपर्यंत सगळं एकत्र देतात. त्यांचा खर्च एक कोटीच्या आसपास किंवा वर असतो. त्यात मिळणारं पत्र हे सशर्त असतं. कंपनीला त्या वेळी गरज असेल तर नोकरी, अशी ती अट. पत्र सही करण्याआधी वकिलाला दाखवण्याचे दोन-चार हजार रुपये कोणी वाचवू नयेत.

नोकरी नसताना स्वतःच्या खर्चाने टाइप रेटिंग करून ठेवावं का? माझं मत स्पष्ट आहे: करू नये. रेटिंग मिळवलं की काम संपत नाही, ते चालू ठेवण्यासाठी ठरावीक काळाने सिम्युलेटरवर जाऊन चाचणी द्यावी लागते आणि दर वेळी पैसे मोजावे लागतात. तुम्ही एअरबसचं रेटिंग केलं आणि भरती बोइंगची निघाली तर ते पैसे तसेच पडून राहतात.

आता कर्ज. शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत, त्याच्या वर मागतात. शेतकरी कुटुंबांची इथे अडचण होते. थकीत कर्जाच्या तारणावर न्यायालयात न जाता ताबा घेण्याचा जो सरफेसी कायदा बँकांच्या हातात आहे, तो शेतजमिनीला लागू होत नाही. त्यामुळे दहा एकर बागायत असूनही बँक म्हणते, गावठाणातलं घर दाखवा किंवा एनए प्लॉट आणा. मग पुण्यातल्या मामाचा फ्लॅट तारण ठेवला जातो, आणि एका मुलाच्या शिक्षणात दोन घरं अडकतात.

६० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, १० वर्षांची मुदत असं धरू. महिन्याचा हप्ता साधारण ८२,६५० रुपये येतो आणि दहा वर्षांत ६० लाखांचे ९९ लाख फेडले जातात. हे झालं शिक्षण संपताच हप्ते सुरू झाले तर. पूर्ण रक्कम उचलल्यावर नोकरीसाठी थांबावं लागलं, तर नुसतं व्याजच दरमहा ५५,००० रुपये होतं. दोन वर्षं थांबावं लागलं आणि ते व्याज मुद्दलात चढलं, की कर्ज ७३ लाखांच्या वर आणि हप्ता एक लाखाच्या वर जातो. त्या दोन वर्षांत विद्यार्थ्याने एक तासही अधिक उड्डाण केलेलं नसतं.

पगाराची बाजू याच्या शेजारी ठेवून पाहा. मोठ्या कंपनीत नव्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, प्रशिक्षणाचा कमी मानधनाचा काळ संपल्यावर, महिन्याला साधारण दीड ते अडीच लाख मिळतात. दोन लाख धरले, म्हणजे वर्षाला २४ लाख, तर नव्या करप्रणालीत महिन्याला सुमारे २४,००० रुपये आयकर जातो. भविष्य निर्वाह निधी वजा केला की हातात पावणेदोन लाखांपेक्षा कमी येतात. त्यातून लाखाचा हप्ता गेला, की दिल्ली किंवा मुंबईत घरभाडं देऊन राहण्यासाठी सत्तर हजारांच्या आसपास उरतात. चोविसाव्या वर्षी ही रक्कम वाईट नाही. पण गावाकडे लोकांना वाटतं की मुलगी विमान उडवते म्हणजे आता बहिणीचं लग्न आणि घराचं बांधकाम तीच करणार. ती पहिली पाच-सहा वर्षं बँकेसाठीच काम करत असते, हे घरच्यांनी आधीच समजून घेतलं तर तिच्यावरचा ताण कितीतरी हलका होईल.

आणि हे दोन लाखही दर महिन्याला ठाम नसतात. वैमानिकाच्या पगारात मूळ वेतनाबरोबर उड्डाणाच्या तासांवरचा भत्ता मोठा असतो. किती तासांच्या भत्त्याची हमी, हे कंपनी ठरवते आणि बदलतेही. एअर इंडियाने २०२३ मध्ये हमीचे तास ७० वरून ४० केले, तेव्हा वैमानिक संघटनांनी विरोध केला तो याच कारणाने. सहा ते आठ वर्षांत कॅप्टन झालात तर पाच लाखांपासून पुढे पगार जातो आणि मग कर्जाची काळजी खरोखर मिटते. त्या टप्प्यापर्यंत पोहोचणाऱ्यांसाठी हा व्यवसाय आजही उत्तम आहे.

'देशात हजारो पायलट कमी आहेत' हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, पुढच्या जानेवारीत आकासाने १५० ची. एका लहान जेट विमानाला दहा-बारा वैमानिक लागतात, म्हणजे आकडा खरंच प्रचंड होतो. मात्र ही विमानं एकाच वर्षी येत नाहीत. दहा-बारा वर्षांत पसरून येतात, आणि कारखान्यांकडून उशीरही होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की खरी टंचाई कॅप्टनची असते. कॅप्टन व्हायला १,५०० तासांवर मिळणारा वरचा परवाना आणि कंपनीच्या आणखी अटी लागतात. २०० तासांच्या नवख्याला उजवीकडच्या आसनावर बसवायचं तर डावीकडे शिकवू शकणारा अनुभवी कॅप्टन हवा, सिम्युलेटरची वेळ हवी, परीक्षक हवेत. ही माणसं मोजकी असतात. म्हणून एकाच वेळी विमान कंपनी कॅप्टन शोधत असते आणि हजारो परवानाधारक तरुण घरी बसलेले असतात. नळ मोठा आहे, पण पाणी येणारी नळी बारीक आहे.

परवान्यांची संख्याही पाहा. २०२० मध्ये डीजीसीएने ५७८ सीपीएल दिले. २०२३ मध्ये १,६२२, तोवरचा उच्चांक. ज्या वर्षी सगळे म्हणतात की आता पायलट व्हा, त्या वर्षी प्रवेश घेणारा विद्यार्थी दोन-अडीच वर्षांनी सर्वांत लांब रांगेत उभा असतो. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होताना इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा वैमानिक कमी पडतात हे देशाने पाहिलं. अशा नियमांनी मागणी वाढते हे नक्की. पण नियमांची वेळ आणि तुमच्या परवान्याची वेळ जुळेलच असं नाही.

हे चक्र पूर्वीही फिरलं आहे. २००५ नंतर नव्या विमान कंपन्या भराभर निघाल्या, मुलं परदेशी धावली, आणि २००८ च्या मंदीनंतर ती परवाने घेऊन परतली तेव्हा जागा नव्हत्या. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. त्याआधीचे महिने वैमानिकांचे पगार थकले होते. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये उड्डाणं बंद केली. एखादी कंपनी बंद पडते तेव्हा तिचे अनुभवी वैमानिक दुसऱ्या कंपन्यांच्या दारात येतात आणि त्यांना आधी घेतलं जातं. २०० तासांचा मुलगा रांगेत आणखी मागे जातो. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानं उभी होती. त्या वेळी नोकरीत असलेल्यांचेही पगार कापले गेले, तर नव्यांची कथाच नको.

त्या मधल्या काळात परवाना नुसता कपाटात ठेवता येत नाही. ठरावीक काळात ठरावीक उड्डाण आणि उपकरणांवरची चाचणी झाली नाही तर तो वापरण्यायोग्य राहत नाही. बेकार असतानाही विमान भाड्याने घेऊन उडावं लागतं. अशा वेळी उड्डाण प्रशिक्षक होणं हा मला सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो. पगार कमी असतो, पण तास वाढतात, हात चालू राहतो आणि पैसे जाण्याऐवजी थोडे येतात. आपल्याकडे प्रशिक्षकांची वाण आहेच. त्या वाटेला कमी लेखण्याची जी रीत पडली आहे, ती चुकीची आहे.

नोकरी लागल्यावरही पाय मोकळे नसतात. टाइप रेटिंगचा खर्च कंपनीने केला असेल तर काही वर्षांचा बाँड असतो. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार कमांडरला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. चांगली संधी आली म्हणून पुढच्या महिन्यात निघालो, असं या क्षेत्रात होत नाही.

सगळ्यांत नाजूक दुवा म्हणजे स्वतःचं शरीर. व्यावसायिक वैमानिकाला क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि ते नियमित नवं करावं लागतं. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख, कान, डोळे, सगळं तपासलं जातं. रंगांधळेपणा हा तर असा दोष आहे की अनेकांना तो इथेच पहिल्यांदा कळतो. तपासणीत 'तात्पुरता अपात्र' असा शेरा आला तरी तितके महिने उड्डाण बंद, म्हणजे उड्डाण भत्ता बंद. कायमचा अपात्र ठरलेल्या तिशीतल्या वैमानिकाकडे कर्ज उरतं आणि दुसरं शिक्षण बहुधा नसतं. परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा मिळतो. नोकरीच्या पहिल्या महिन्यातच तो घ्यावा. बारावीनंतर थेट उड्डाणाला जाणाऱ्यांनी दूरस्थ पद्धतीने का होईना, पदवी पूर्ण करावी, असं मी आग्रहाने सांगेन.

पैशाचं पाठबळ नसलेल्या हुशार मुलांसाठी दारं अगदीच बंद नाहीत. नागपूरची महाज्योती ही संस्था इतर मागास वर्ग आणि भटक्या-विमुक्तांमधल्या विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवत आली आहे. जागा थोड्या असतात, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं. आणि ज्याला मुळात उडायचं आहे, त्याने वायुदलाचा विचार अवश्य करावा. खडकवासल्याच्या एनडीएमध्ये किंवा पदवीनंतर एएफकॅट या वायुदलाच्या प्रवेश परीक्षेतून निवड झाली तर सरकार शिकवतं आणि शिकताना पैसेही देतं. छत्रपती संभाजीनगरची राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून यातल्या एनडीएच्या परीक्षेची तयारी करून घेते, आणि मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था सुरू झाली आहे. अर्थात ती देशाची सेवा आहे, एअरलाइनची स्वस्त शिडी म्हणून तिकडे कोणी पाहू नये.

कर्ज काढून या वाटेला जाणाऱ्यांनी काही गोष्टी क्रमानेच कराव्यात. कुठेही फी भरण्यापूर्वी क्लास टू आणि मग क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्या; काही हजारांत कळतं की पुढचे लाखो रुपये घालावेत की नाही. डीजीसीएचे पेपर घरी राहून, क्लास लावून आधी पास व्हा. विषय डोक्यात बसतात का, हेही तेव्हाच समजेल, आणि संस्थेच्या वसतिगृहातले महिने वाचतील. फी एकरकमी देऊ नका, उडलेल्या तासांप्रमाणे टप्प्याटप्प्याने द्या. मान्यताप्राप्त प्रशिक्षणावर जीएसटी लागत नाही, असं २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केलं आहे. बिलात तो दिसला तर विचारा. घरात किमान दोन वर्षांचं व्याज भरता येईल एवढी रक्कम बाजूला ठेवूनच कर्जाच्या कागदावर सही करा. जुन्या करप्रणालीत राहिलात तर शैक्षणिक कर्जाच्या पूर्ण व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते, तीही हिशेबात धरा.

आणि संस्थेत गेल्यावर विमानं किती आहेत हे विचारून थांबू नका. आज सकाळी त्यांपैकी किती उडाली, ते विचारा. दोन वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी किती जणांचे २०० तास पूर्ण झाले, किती महिन्यांत झाले आणि आज किती जण नोकरीत आहेत, हे लेखी मागा. जी संस्था हे लेखी देत नाही, तिला पैसे देऊ नका.